संदेशवाहकाची पारख

निरोप सांगणे सोपे असते. तो पोचविणे कठीण. भोसल्यांच्या नागपुरातून पुण्याकडे जाणारे पत्र जासूद नेत असे. त्याच्या पायांतील वेग महत्त्वाचा होता, परंतु वेगापेक्षाही त्याचा भरवसा महत्त्वाचा होता. वाटेत नदीला पूर आला तर तो काय करील, पत्र परक्याच्या हाती पडू नये म्हणून कोणती खबरदारी घेईल, आणि पोचल्याची खूण परत आणील की नाही, हे प्रश्न पाठविणाऱ्याच्या मनात असत. पुढे तारायंत्र आले. शब्दागणिक दाम मोजून माणसे दुःखाची व आनंदाची वार्ता मोजक्या शब्दांत बसवू लागली. ती तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. साधने बदलली, परंतु संदेशवाहक निवडताना विचारावयाचे प्रश्न मात्र तेच राहिले आहेत.

हल्ली हे प्रश्न एका नव्या ठिकाणी उभे राहतात. मोबाइलवर चालणारे ॲप ज्याला काढावयाचे असते, मग ती सहकारी पतपेढी असो, रुग्णालय असो, शिकवणीवर्ग असो वा फळांचा व्यापारी असो, त्याला आपल्या ग्राहकांस निरोप पाठवावे लागतात. पैसे जमा झाले, तपासणीचा अहवाल तयार आहे, ओटीपी अमुक आहे, असे ते निरोप. प्रत्येक दूरसंचार कंपनीच्या दारात स्वतः जाऊन हे काम जुळविणे लहान संस्थेच्या आवाक्यात नसते. म्हणून मधला एक अडत्या लागतो. त्यालाच क्लाउड संदेशसेवा असे म्हणतात. तिच्याशी ॲपने ज्या ठरावीक भाषेत बोलावयाचे, त्या बोलण्याच्या रीतीला एपीआय हे नाव आहे. ॲपने क्रमांक व मजकूर ह्या रीतीने सांगितला, की पुढचे दळणवळण तो अडत्या पाहतो व संदेशागणिक दाम घेतो. २००८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ट्विलिओ कंपनीने ही पद्धत जगभर रूढ केली. भारतातही बंगळूरची एक्झोटेल, मुंबईची राउट मोबाइल, हैदराबादची तान्ला, इंदूरची एमएसजी९१ इत्यादी अनेक नावे ह्या व्यवसायात आहेत. ह्यांपैकी कोणाची निवड करावी, असा प्रश्न पडला की बहुतेक जण प्रथम दरपत्रक मागवितात. वास्तविक तो शेवटचा प्रश्न असावयास पाहिजे.

उदाहरण घेतल्याने विषय स्पष्ट होईल. समजा, काटोल-नरखेड भागातील काही संत्रा-बागाइतदारांनी एकत्र येऊन एक ॲप काढावयाचे ठरविले. कळमना बाजारातील आजचा भाव, माल उचलावयास येणाऱ्या गाडीची वेळ आणि विकलेल्या मालाचे पैसे जमा झाल्याची खबर, असे तीन प्रकारचे निरोप त्यांना पाठवावयाचे आहेत. अंबिया आणि मृग ह्या दोन बहारांच्या तोडणीच्या काळात निरोपांची झुंबड उडणार आणि एरवी महिनोन्‌महिने शांतता राहणार. अशा मंडळींनी संदेशवाहकाची पारख कशी करावी?

पहिला विचार निरोपाच्या स्वभावाचा. सर्व निरोप एकाच वाटेने जाणे इष्ट नाही. रोजचा भाव हा उपयुक्त खरा, परंतु तो तासभर उशिरा मिळाला तरी अनर्थ होत नाही. तो ॲपमधील सूचनेने पाठवावा. तिला इंटरनेट लागते, पण संदेशागणिक दाम जवळजवळ पडत नाही. पैसे जमा झाल्याची खबर शिवारात इंटरनेट नसतानाही पोचली पाहिजे, म्हणून तिला एसएमएस हवा. प्रश्नोत्तरे व्हावयाची असतील, मालाचे छायाचित्र पाठवावयाचे असेल, तर व्हॉट्सॲप बरे. मात्र व्हॉट्सॲपवर व्यापाऱ्याला वाटेल तेव्हा वाटेल ते लिहिता येत नाही. ग्राहकाने निरोप पाठविल्यापासून चोवीस तासांच्या आत मोकळेपणाने उत्तर देता येते. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातच लिहावे लागते. तेथील आकारणीही संभाषणागणिक होती, ती १ जुलै २०२५ पासून साच्यातील प्रत्येक संदेशागणिक सुरू झाली. आणि गाडी दारात उभी आहे, तोडणीची माणसे खोळंबली आहेत, अशा वेळी लेखी निरोपापेक्षा आपोआप लागणारा फोनच कामास येतो. तात्पर्य, ज्या सेवेत ह्या चारही वाटा एका दारातून मिळतात आणि एक वाट बंद पडली असता दुसरी आपोआप धरता येते, ती सेवा अधिक उपयोगी.

वाट चुकली म्हणजे काय होते, हे नागपूरकरांना वेगळे सांगावयास नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा भागांत, पाणी घरात शिरले. लोक झोपेत होते. उशाशी पडलेल्या फोनवर एक टिंग असा आवाज करून येणारा लेखी संदेश अशा वेळी झोपलेल्या माणसास उठवीत नाही. त्यासाठी मनोऱ्याच्या टप्प्यातील सर्व फोन एकदम मोठ्याने वाजविणारी सेल ब्रॉडकास्ट नावाची निराळी व्यवस्था आहे. तिला क्रमांकांची यादीही लागत नाही. शासनाने तिच्या चाचण्या २०२३ सालीच देशात घेतल्या. ही व्यवस्था शासनाच्या हातची आहे. खासगी संदेशसेवेकडून ती विकत मिळत नाही. म्हणून एखादा विक्रेता आपल्या एसएमएसच्या जोरावर आपत्काळात प्राण वाचविण्याची हमी देऊ लागला, तर त्याच्या बोलण्यातील अतिशयोक्ती ओळखावी. त्याची सेवा वाईट असते असे नव्हे. परंतु कोणत्या कामास कोणते साधन, ही जाण त्याला नाही, किंवा असून तो सांगत नाही.

दुसरा विचार कायद्याचा. भारतात व्यापारी एसएमएस पाठविणे हे आता मुक्तद्वार राहिलेले नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १९ जुलै २०१८ रोजी ह्याविषयीचे विनियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार पाठविणाऱ्या संस्थेला डीएलटी नावाच्या नोंदवहीत आपले नाव नोंदवावे लागते. सहा अक्षरांचे आपले हेडर, म्हणजे निरोपावर दिसणारे नाव, मंजूर करून घ्यावे लागते. आणि प्रत्येक मजकुराचा साचाही आधीच दाखल करावा लागतो. नाव, रक्कम, तारीख अशा बदलत्या जागा तेवढ्या मोकळ्या ठेवता येतात. पाठविलेला मजकूर साच्याशी जुळला नाही, तर दूरसंचार कंपनीची गाळणी तो अडविते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मजकुरातील दुवेही आधी नोंदविलेले असावे लागतात. २०२५ सालच्या दुरुस्तीने हेडरच्या शेवटी एक अक्षर जोडले गेले: प्रचाराच्या संदेशास पी, सेवेच्या संदेशास एस, व्यवहाराच्या संदेशास टी आणि शासकीय संदेशास जी. निरोप जाहिरातीचा आहे की कामाचा, हे त्यामुळे वाचणाऱ्यास कळते.

ही गाळणी किती कडक आहे, ह्याचा धडा ८ मार्च २०२१ रोजी देशाला मिळाला. त्या दिवशी कंपन्यांनी तिची अंमलबजावणी सुरू केली, आणि अनेक संस्थांनी साचे नोंदविलेले नसल्यामुळे ओटीपी अडकून पडले. बँकांचे व्यवहार, खरेदी, इतकेच नव्हे तर लसीकरणाची नोंदणीही खोळंबली. दुसऱ्याच दिवशी ट्रायने ही गाळणी सात दिवसांपुरती थांबविली. त्या दिवशी अडकलेले निरोप यंत्र बिघडल्यामुळे अडकले नव्हते, कागदपत्रे अपुरी होती म्हणून अडकले होते. यास्तव संदेशसेवेच्या प्रतिनिधीस विचारावयाचा प्रश्न असा: नोंदणीच्या कामी तुमची मदत कोठवर? साचा नाकारला गेला तर कारण कोण सांगणार? आणि गाळणीत अडकलेल्या संदेशाची वर्दी ॲपला किती वेळात मिळणार? परदेशी सेवेचे दस्तऐवज कितीही सुबक असले, तरी ह्या प्रश्नांची उत्तरे तिजपाशी नसतील, तर संत्रा-बागाइतदाराच्या दृष्टीने तो सुबकपणा व्यर्थ आहे.

तिसरा विचार भाषेचा व त्यातून येणाऱ्या खर्चाचा. हा भाग मराठी माणसाने विशेष लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून इंग्रजी संदेश १६० अक्षरांचा होतो. देवनागरीला मात्र प्रत्येक चिन्हामागे दोन बाइट लागतात, म्हणून मराठी संदेश ७० चिन्हांचाच. येथे चिन्ह म्हणजे डोळ्याला दिसणारे अक्षर नव्हे. मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण ही सर्व यंत्र वेगवेगळी मोजते. 'क्षेत्र' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा. यंत्र त्यात सात चिन्हे मोजते. संदेश लांबला तर त्याचे तुकडे होतात, आणि तुकडे पुन्हा जोडण्याच्या खुणेस जागा लागत असल्यामुळे प्रत्येक तुकड्यात इंग्रजीची १५३ आणि मराठीची ६७ चिन्हेच राहतात. म्हणजे १५० चिन्हांचा निरोप इंग्रजीत एका दामात जातो, मराठीत त्याचे तीन तुकडे होऊन दामही तिप्पट पडते. शिवाय संपूर्ण इंग्रजी मजकुरात चुकून एक देवनागरी अक्षर किंवा एखादे वळणदार अवतरणचिन्ह शिरले, तर सगळाच मजकूर दोन बाइटांच्या हिशेबात जातो.

ह्यावर काही जण सुचवितात, की मग निरोप इंग्रजीतच पाठवावे. हा सल्ला व्यापारी हिशेबाने बरोबर दिसला तरी व्यवहाराने चुकीचा आहे. ज्याच्या खात्यात पैसे पडले त्याला ते किती व कशाचे, हे स्वतःच्या भाषेत कळले नाही, तर निरोपाचे काम झालेच नाही. आणि न समजणारा इंग्रजी मजकूर निमूटपणे मानण्याची सवय लागली, की फसविणाऱ्याचे फावते. उपाय निराळा आहे. तारेच्या काळात माणसे जशी शब्द तोलून लिहीत, तद्वत् साचा तोलून लिहावा. 'आपणांस कळविण्यात येते की' असल्या पाल्हाळास फाटा द्यावा. ७० चिन्हांत बसेल असा मराठी निरोप लिहिणे ही लेखनाची उत्तम कसोटी आहे. संदेशसेवा निवडताना हेही पाहावे, की पाठविण्यापूर्वी तुकडे किती होतील हे ती दाखविते काय, आणि जोडाक्षरे निरनिराळ्या फोनांवर नीट उमटतात काय. दरपत्रकातील आकडा एका तुकड्याचा असतो, एका निरोपाचा नव्हे, ही गोष्ट विसरू नये. त्यात कंपनीचा आकार, डीएलटीचा आकार व जीएसटी हे धरले आहेत की नाहीत, हेही लेखी विचारावे. आणि ज्यांचे काम बहाराच्या काळापुरते, त्यांनी दरमहा ठराविक रक्कम मागणाऱ्या करारापेक्षा वापरागणिक आकारणी पत्करावी.

चौथा विचार पोचपावतीचा. रजिस्टर्ड टपालाच्या मागे जोडलेली पोचपावती सही होऊन परत आली, की पाठविणाऱ्याचा जीव भांड्यात पडे. ती रजिस्टर्ड टपालसेवा २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, परंतु पोचपावतीचे तत्त्व मात्र संदेशसेवांत जसेच्या तसे लागू आहे. येथे तीन शब्दांतील भेद लक्षात घ्यावा: स्वीकारला, पाठविला आणि पोचला. अडत्याने निरोप स्वीकारला म्हणजे तो दूरसंचार कंपनीकडे गेलाच असे नाही. तिकडे गेला म्हणजे फोनवर उतरलाच असे नाही. पुष्कळ विक्रेते पहिल्या दोहोंचे शेकडे सांगून तिसऱ्याचा आभास निर्माण करतात. खरी सेवा ती, जी फोनवर संदेश उतरल्याची वर्दी ॲपला आपणहून देते आणि न उतरल्यास कारणही सांगते: फोन बंद, क्रमांक चुकीचा की साचा नामंजूर. आणखी एक बारीक बाब. वर्दी येण्यास उशीर झाला म्हणून ॲपने तोच निरोप पुन्हा धाडला, तर बागाइतदाराला पैसे जमा झाल्याचे दोन संदेश मिळतील आणि तो दुप्पट रकमेच्या भ्रमात पडेल. प्रत्येक निरोपास स्वतंत्र क्रमांक देऊन दुसरी प्रत अडविण्याची सोय आहे काय, हे अवश्य पाहावे.

पाचवा विचार सुरक्षिततेचा. संदेशसेवेपाशी ग्राहकांचे क्रमांक जातात, आणि त्यांबरोबर त्यांचे व्यवहारही उघडे होतात. ऑगस्ट २०२२ मध्ये ट्विलिओच्याच काही नोकरांना त्यांच्या कंपनीच्या नावाने खोटे एसएमएस आले. त्यांतील दुव्यावर त्यांनी आपले परवलीचे शब्द भरले आणि चोर आत शिरले. सिग्नल ह्या संदेश-ॲपच्या सुमारे १,९०० लोकांचे क्रमांक त्या प्रकरणात उघडे पडले. संदेशाचा व्यापार करणारे संदेशानेच फसले! ह्यावरून मोठे नाव म्हणजे अभेद्य तट नव्हे, हे ध्यानात यावे. भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांनी विश्वासाने दिलेल्या क्रमांकांची जबाबदारी ॲप काढणाऱ्याची आहे. अडत्याकडे बोट दाखवून ती टळत नाही. म्हणून निरोपात आवश्यक तेवढाच मजकूर असावा, जुने निरोप अडत्याकडे किती दिवस राहतात ते करारात लिहून घ्यावे, आणि एपीआयची किल्ली तिजोरीच्या किल्लीप्रमाणे जपावी. तसेच ओटीपी मागण्याचे पान उघडे असले, की चोर यंत्राकरवी हजारो क्रमांकांवर ओटीपी मागवून संस्थेचे बिल फुगवितात. एका क्रमांकावर तासाला किती संदेश व दिवसाला एकूण खर्च किती, ह्यांना मर्यादा घालण्याची सोय ज्या सेवेत नाही ती लहान संस्थेने घेऊ नये.

सहावा विचार टिकाऊपणाचा. ह्या धंद्यात दुकानांच्या पाट्या वारंवार बदलतात. भारतातील व्हॅल्यूफर्स्ट कंपनी २०२१ साली ट्विलिओने घेतली आणि २०२३ साली ती तान्लाकडे गेली. कलेरा २०२३ साली टाटा कम्युनिकेशन्सकडे आली. राउट मोबाइलचा मोठा हिस्सा २०२४ साली बेल्जियमच्या प्रॉक्सिमसने घेतला. मालक बदलणे हा काही दोष नव्हे. परंतु मालक बदलला की दर, माणसे व धोरण बदलण्याचा संभव असतो. ट्विलिओने डिसेंबर २०२३ मध्ये आपली चित्रसंभाषणाची सेवा बंद करण्याचे जाहीर केले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो बेत मागे घेतला. मधल्या दहा महिन्यांत ज्यांची ॲपे तिजवर उभी होती, त्यांना दुसरे घर शोधण्याचा उद्योग करावा लागला असेल, हे उघड आहे.

ह्यावर उपाय घर बांधणाऱ्या गवंड्याला ठाऊक आहे: दार चौकटीला बिजागरीने लावतात, भिंतीत चिणून टाकीत नाहीत. ॲपमध्ये जागोजागी एकाच कंपनीची भाषा लिहिण्याऐवजी निरोप पाठविण्याचा एकच कोपरा ठेवावा. सर्व भागांनी त्या कोपऱ्याशी बोलावे आणि त्याने अडत्याशी बोलावे. मग अडत्या बदलणे हे चार दिवसांचे काम होते, चार महिन्यांचे नव्हे. हेडर व साचे यांची डीएलटी नोंदणी नेहमी संस्थेच्या स्वतःच्या नावावर असावी. ती अडत्याच्या नावावर राहिली तर सोडून जाताना संस्थेचे हात बांधले जातात. ग्राहकांनी दिलेल्या संमतीची नोंदही संस्थेने आपल्यापाशी ठेवावी.

एवढे झाल्यावर मग दरपत्रक हाती घ्यावे, आणि तेही परीक्षेनंतर. परीक्षा सोपी आहे. दोन सेवा निवडाव्यात. संस्थेच्याच सभासदांपैकी राजीखुशीने तयार होतील अशा पन्नास-शंभर जणांचे क्रमांक घ्यावेत, मात्र त्यांत जिओ, एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल ह्या चारही जाळ्यांवरचे लोक असावेत. शहरातले असावेत तसे खेड्यातलेही असावेत. आठवडाभर सकाळी, दुपारी व रात्री एकच मराठी निरोप दोन्ही वाटांनी पाठवावा. किती सेकंदांत पोचला, किती पोचले नाहीत, जोडाक्षरे शाबूत राहिली काय, सेवेने दिलेली वर्दी आणि प्रत्यक्ष फोनवरची वस्तुस्थिती जुळते काय, हे वहीत मांडावे. एक निरोप मुद्दाम साच्याबाहेरचा पाठवून पाहावा, म्हणजे अडकल्याची बातमी कशी येते ते समजेल. आणि एखाद्या रविवारी रात्री मदतीच्या क्रमांकावर फोन करावा. तो कोण उचलतो, उचलतो की नाही, आणि उत्तर देणाऱ्यास डीएलटी म्हणजे काय हे सांगावे लागते की काय, ह्यावरून जे समजते ते कोणत्याही जाहिरातीवरून समजत नाही. ह्या आठवड्याच्या परीक्षेस थोडाफार खर्च येईल. चुकीच्या निवडीची किंमत एका बहारात त्याहून अधिक होईल.

नागपुरात आज ह्या विद्येची वाण नाही. परसोडीच्या आयटी पार्कात आणि मिहानमध्ये असली कामे करणारी तरुण मंडळी आहेत. त्यांना तंत्र ठाऊक असते. निरोप कोणाचा, कोणाला व कशासाठी, हे मात्र संस्थेच्या चालकांनीच त्यांना सांगावयाचे असते. ते सांगण्यापूर्वीच तंत्रज्ञाने एखादे प्रसिद्ध नाव निवडले, तर दोष त्याचा म्हणता येत नाही.

काटोलच्या बागेत संध्याकाळी हातपाय धुऊन बसलेल्या बागाइतदाराला ट्विलिओ, तान्ला, एपीआय ह्या शब्दांशी कर्तव्य नाही. त्याच्या फोनवर दोन ओळी उमटतात: मालाचे वजन इतके, भाव इतका, रक्कम जमा. त्या ओळी वेळेवर, त्याच्या भाषेत, एकदाच आणि खऱ्या उमटल्या, तर त्या रात्री तो स्वस्थ झोपतो. न उमटल्या, तर दुसऱ्या दिवशी कामधाम टाकून त्याला नागपूरची गाडी धरावी लागते. संदेशसेवा निवडणाऱ्याने दरपत्रकाशेजारी ह्या एका हेलपाट्याची किंमत मांडावी, आणि मग कोणती सेवा स्वस्त ते ठरवावे.